मादाम ओदीलच्या अंगणातला पिंड

अमेरिकेत सगळं मिळतं असं ज्याने कुणी सांगितलं, त्याला तिथे कधी कावळा लागला नसणार. मला लागला. तोही पाळायला किंवा फोटो काढायला नव्हे, वडिलांच्या पिंडाला शिवायला. आणि ज्या घराच्या अंगणात तो यायचा होता ते घर फ्रेंच माणसांचं होतं, हे या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सोपं संकट.

मी कऱ्हाडचा. २००२च्या ऑगस्टमध्ये स्टॅटिस्टिक्सचं एम.एस. करायला न्यू जर्सीत आलो. पिस्कॅटवेला आपल्या पोरांच्या अपार्टमेंटमध्ये गादी टाकायला जागा उरली नव्हती. विष्णू नावाचा नागपूरचा एक मित्र तर कपाटात पाय आणि बाहेर डोकं असा झोपत होता. मग डिपार्टमेंटच्या बोर्डावर एक चिठ्ठी दिसली. खोली आणि रात्रीचं जेवण मिळेल, बदल्यात संध्याकाळी म्हाताऱ्या आईजवळ बसायचं. मी लगेच होकार कळवला. ते लोक फ्रेंच आहेत हे दारात उभा राहिल्यावर कळलं.

बर्नार एका अत्तराच्या कंपनीत केमिस्ट होता. त्याची बायको ओदील घर बघायची. आणि ओदीलची आई जेर्मेन, वय चौऱ्याऐंशी, हिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. मी तिला आजी म्हणायचो. ती फ्रेंच बोलायची, मी मराठी, आणि आमचं बरं चाललं होतं. निदान भांडण तरी कधी झालं नाही. बाकी घर कडक होतं. पहिल्या रात्री मी सूप आणि पाव यांच्यावरच पोट भरून उठलो, तेव्हा ओदीलने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा बसलो. अजून तीन पदार्थ यायचे होते. मी मांस खात नाही म्हटल्यावर तिने दोन दिवस विचार केला आणि मासा केला.

सहाएक आठवडे असे गेले आणि अण्णा गेले. सकाळी पेपर वाचता वाचता गेले. चष्मासुद्धा पडला नाही म्हणे.

मी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला. आधीच्या वर्षी सप्टेंबरात जे झालं होतं, त्यानंतर माझ्यासारख्या तोंडावळ्याच्या मुलांचे व्हिसा महिनोन् महिने चौकशीत अडकत होते. बाई म्हणाल्या, "तुम्ही नक्कीच जाऊ शकता. परत येऊ शकाल का, ते मी सांगू शकत नाही." एवढं स्पष्ट उत्तर मला त्या ऑफिसात आधीही मिळालं नव्हतं आणि नंतरही मिळालं नाही. मी घरी फोन करून म्हणालो, थांबू नका. मग आईला काय बोलावं ते सुचेना, म्हणून म्हणालो, "तुझी औषधं वेळेवर घे." आणि फोन ठेवला. रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी रिग्रेशनची परीक्षा होती, ती दिली. त्यात मार्कही बरे पडले, याची मला फार लाज वाटली.

घरात सांगितलं तेव्हा बर्नार उठून उभा राहिला आणि त्याने हात मिळवला. ओदीलने दोन्ही गालांचे मुके घेतले. सुतकात कुणाला शिवायचं नाही ही आमची रीत, आणि इथे आख्खं घर रांगेने येऊन मला शिवून गेलं. पिस्कॅटवेच्या सुमेधाकाकूंना फोन करून विचारलं, आता यांनाही सुतक लागतं का? काकू तिथल्या आम्हा सगळ्या पोरांच्या काकू. धर्मशास्त्रापासून कारच्या इन्शुरन्सपर्यंत सर्व विषयांवर शेवटचा शब्द त्यांचा. त्या म्हणाल्या, "अरे राजा, ते वाइन पितात. त्यांना काही लागत नाही."

दहावा दिवस आला. कऱ्हाडला अरुणकाका, म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, घाटावर सगळं करणार होते. आमच्याकडे सकाळ असताना त्यांचा फोन आला.

"अंक्या, कावळा शिवला नाही रे."

"म्हणजे?"

"म्हणजे झाडावर ढीगभर बसलेत. एक खाली उतरंना. वहिनींना सांभाळतो म्हणालो, घराचं बघतो म्हणालो, तुझं शिक्षण, तुझं लग्न, सगळं कबूल करून झालं. शेवटी गुरुजी म्हणाले ऊन चढलं, दर्भाचा कावळा लावा. लावला आणि आलो. पण वहिनी ऐकत नाहीत. म्हणतात, त्यांचा जीव अंकुरमध्ये अडकलाय. त्याने तिकडे पिंड ठेवावा."

"काका, पण अण्णा इथे कसे येतील?"

"का? त्यांना आता कसला व्हिसा?"

काका पुढे म्हणाले, "आणि तुझ्याकडे शिवेपर्यंत त्या अन्न घेणार नाहीत. चहा घेतायत."

म्हणजे दर्भाच्या कावळ्याने अण्णांची सोय लागली असेल, पण आईची नाही. ती बासष्ट वर्षांची, तिला मधुमेह, आणि ती नुसत्या चहावर. आता कावळा शिवणं अण्णांपेक्षा तिच्यासाठी तातडीचं होतं. वडिलांना काही मी वाचवू शकलो नव्हतो. आईला भूक लागलेली असताना मी काय करत होतो, तर न्यू जर्सीचं आकाश बघत होतो.

ते रिकामं होतं. आल्यापासून आपण एकही कावळा पाहिला नाही हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. विष्णूला फोन केला, तर तो म्हणाला, "अबे, तुला माहीत नाही का? ते डासांमुळे काहीतरी वेस्ट नाइल नावाचा ताप आला ना, त्यात सगळे कावळे मेले. पेपरात होतं. तू एक काम कर ना यार, सांगून टाक शिवला म्हणून. तिथून कोण बघायला येतंय?" सल्ला उत्तम होता. पण आईशी खोटं बोलताना माझा आवाज बारीक होतो, आणि हे तिला मी बालवाडीत असल्यापासून माहीत आहे.

सुमेधाकाकू म्हणाल्या, "इथे ते काळे, मानेवर निळसर चमक असलेले पक्षी असतात बघ, ग्रॅकल का काय. ते चालतील का विचारते." त्यांनी देवळातल्या गुरुजींना फोन लावला. गुरुजींच्या मशीनने निरोप ठेवायला सांगितलं. काकूंनी ठेवला. त्यावर गुरुजींचा उलट निरोप आला, की चालतो की नाही ते त्यांच्या गुरूंना विचारून कळवतो. त्यांचे गुरू बहुधा अजून विचार करत असावेत.

शेवटी मी ओदीलला सांगायचं ठरवलं, कारण तिच्या हिरवळीवर भाताचे गोळे ठेवायचे तर ते चोरून जमणारं नव्हतं. रात्री चीजच्या वेळी मी इंग्रजीत सगळं मांडलं. आत्मा, कावळा, इच्छा, आईचा उपास. ओदील एकेक वाक्य आजीला फ्रेंचमध्ये सांगत होती. बर्नार काटा हातात धरून ऐकत होता. मी थांबलो, तर आजी बराच वेळ काहीतरी बोलली. ओदील म्हणाली, "आई सांगते, त्यांच्या गावात घरधनी वारला की कुणीतरी जाऊन पोळ्यातल्या मधमाश्यांना सांगायचं असतं. माझे वडील गेले तेव्हा सगळे विसरले. माश्या उडून गेल्या, परत आल्याच नाहीत." आजीने मला हे खरं का, असं का, काहीच विचारलं नाही. तिला फक्त भात कधी शिजवायचा एवढं जाणून घ्यायचं होतं. परदेशात आल्यापासून मला पहिल्यांदाच घरात बसल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बासमतीने दगा दिला. एकेक शीत सुटं, गोळा म्हणून होईना. ज्या मोकळ्या भाताचं आपण जन्मभर कौतुक करतो तो मेल्यावर कामाला येत नाही, हे कुणी आधी सांगत नाही. मग ओदीलने दुधातल्या खिरीसाठी ठेवलेला गोल तांदूळ काढला. त्याचा इतका देखणा पिंड झाला की घाटावरच्या गुरुजींनी मान डोलावली असती. काळे तीळ काकूंनी पाठवले. दर्भाच्या जागी हिरवळीतलंच गवत घेतलं. ओदीलने पत्रावळीऐवजी निळ्या नक्षीची चिनीमातीची ताटली दिली, कारण तिच्या मते पाहुणा कोणीही असो, कागदावर वाढायचं नसतं.

पहिल्या सकाळी पिंड खारीने नेला. दोन्ही हातांत धरून, माझ्याकडे बघत बघत खाल्ला. दुसऱ्या सकाळी हंस आले. हे कॅनडाहून येतात आणि परत जायचं नाव घेत नाहीत. त्यांच्याशी माझं तेवढ्यापुरतं साम्य होतं. त्यांनी पिंड खाल्ला, तीळ खाल्ले, आजीच्या काठीवर फुसफुसले आणि शेजाऱ्याच्या गाडीवर घाण करून गेले. शेजारी गृहस्थ कुंपणावरून म्हणाले, या गावात पाणपक्ष्यांना खायला घालायला बंदी आहे आणि ते तक्रार करणार आहेत. मी म्हणालो, मी पक्ष्यांना घालत नाहीये, वडिलांना घालतोय. ते आत गेले आणि त्यांनी तक्रार केली.

इथपर्यंत मी शहाण्यासारखा वागलो होतो. मग मी डोकं वापरलं. मेलेला कावळा दिसला तर कळवा, असं म्हणून काउंटीच्या आरोग्य खात्याने एक नंबर दिला होता. ज्यांना मेलेले ठाऊक त्यांना जिवंतही ठाऊक असणार, असं अनुमान मी काढलं. स्टॅटिस्टिक्सच्या विद्यार्थ्याला ते शोभणारं होतं. फोन लावला.

"मेलेला कावळा कळवायचाय?" पलीकडून विचारलं.

"नाही. मला जिवंत हवाय. ते सध्या कुठे जमतात?"

"आपण हे कशासाठी विचारताय?"

"त्यांना काहीतरी खायला घालायचंय."

"काय घालायचंय?"

मी भात आणि तीळ असं सांगितलं. त्यांनी माझं नाव विचारलं, मी स्पेलिंगसकट दिलं. पत्ताही दिला. आपल्याकडे सरकारी माणूस एवढी आस्था दाखवत नाही, असं मला कौतुकाने वाटलंसुद्धा.

त्याच दुपारी दारात काउंटीच्या एक बाई आणि त्यांच्या मागे एक पोलीस उभा राहिला. बाईंचं नाव मिसेस कोवाल्स्की. त्यांच्या हातात शेजाऱ्याची तक्रारही होती. आम्ही सगळे दिवाणखान्यात बसलो. बर्नार ऑफिसातून धावत आला होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता, कारण त्याचा स्वतःचा ग्रीन कार्डचा अर्ज तेव्हा कुठल्यातरी टेबलावर पडून होता.

मिसेस कोवाल्स्कींनी विचारलं, "तुम्हाला कावळे का हवेत?"

"माझ्या वडिलांसाठी."

"तुमचे वडील कावळे पाळतात?"

"माझे वडील वारले."

"कावळ्यापासून?"

"नाही. पेपर वाचताना."

पोलिसाने वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. मी पहिल्या वर्गात पास झालेला माणूस, आमच्या कॉलेजचं मेडल घेतलेला. तो मी खुर्चीच्या कडेवर बसून, भातात काही मिसळत नाही हे शपथेवर सांगत होतो. इतक्यात आजी उठली. काठी टेकत ती पोलिसासमोर उभी राहिली आणि तिने त्याला मधमाश्यांची सबंध गोष्ट फ्रेंचमध्ये ऐकवली. त्याला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण टोपी काढावी एवढं कळलं. मिसेस कोवाल्स्कींनी ओदीलकडून अर्थ समजून घेतला, उरलेल्या भातातला थोडा पिशवीत घातला आणि हंसांना खायला न घालण्याची लेखी समज देऊन त्या गेल्या.

ते गेल्यावर बर्नार हळूच म्हणाला, "आंक्यूर, मला वाईट वाटतं. पण पुन्हा या दारात सरकारी माणूस आला तर तुला दुसरी खोली बघावी लागेल. उद्या सकाळी शेवटचं. त्यानंतर अंगणात भात नको." तो वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता, आणि त्या वर्षी घाबरणं काही त्याच्या एकट्याच्या वाट्याला आलं नव्हतं.

संध्याकाळी काकांना फोन केला. मी विचारलं, "काही खाल्लं का आईने?" काका गुळमुळीत बोलले. चक्कर येतेय म्हणतात, असं काहीतरी. त्या रात्री मला चारही पदार्थ गिळवले नाहीत.

सकाळी धुकं होतं. मी आंघोळ करून, टी-शर्ट काढून, ओल्या हिरवळीवर उघडा बसलो. ताटली ठेवली. मागे ओदील, बर्नार आणि शाल पांघरलेली आजी उभी. शेजाऱ्याच्या खिडकीचा पडदा हलला. कावळा नव्हताच, तेव्हा कुणाला उद्देशून बोलावं कळेना. शेवटी मी ताटलीलाच सांगायला लागलो. डिग्री पूर्ण करीन. परत येईन. आईला सांभाळीन. काकांशी जागेवरून भांडणार नाही. मागच्या खोलीचा गळका पत्रा बदलीन. तुम्ही लावलेला चिकू तोडणार नाही. जानवं घालीन. रोज फोन करीन. सिगरेट... सिगरेट सोडीन.

काही झालं नाही. कबूल करायला माझ्याकडे आणखी काही उरलं नव्हतं. थंडीने दात वाजत होते. मला अण्णांचा राग आला. म्हणालो, "अण्णा, मला यायचं होतं हो. पण त्या बाई काही सांगायलाच तयार नव्हत्या."

कुंपणाच्या झुडपात खसफस झाली. मला वाटलं खार. पण बाहेर आला तो कावळा. अस्सल, काळाभोर, आपल्याकडच्या कावळ्यापेक्षा दीडपट मोठा. मात्र तो उडत नव्हता, चालत होता, आणि चालताना एका अंगावर कलत होता. चार पावलं यायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. हिरवळ ओलांडायला त्याला फार वेळ लागला. ताटलीपाशी पोचला. मान पुढे केली, तोल गेला आणि त्याची चोच पिंडात रुतली.

मग तो तसाच आडवा झाला आणि मेला.

जरा वेळाने ओदीलने विचारलं, "हे असंच असतं का?"

मी म्हणालो, "साधारण."

बर्नारने मेलेला कावळा नियमाप्रमाणे स्वतःच कळवला. मिसेस कोवाल्स्की हातमोजे घालून आल्या, त्यांनी कावळा दोन पिशव्यांत बांधला आणि जाताना म्हणाल्या, "आय ॲम सॉरी फॉर युअर लॉस." हे अण्णांबद्दल होतं की कावळ्याबद्दल ते मी विचारलं नाही. खोलीबद्दल बर्नार पुन्हा काही बोलला नाही. दोन वर्षं मी तिथेच राहिलो. सुमेधाकाकूंना मात्र फोन करून निवाडा मागितला, की शिवून मेलेला चालतो का. त्या म्हणाल्या, "शिवला ना? झालं तर. पुढचं त्याचं तो बघेल."

मग घरी फोन केला. आईनेच उचलला.

"आई, शिवला."

"शिवला? खरंच?"

"खरंच." माझा आवाज बारीक झाला नाही. पुढचं मी सांगितलं नाही, ते आजतागायत सांगितलेलं नाही.

"बरं झालं बाई. आता तू जेव."

"तू जेव आधी. इतके दिवस उपाशी आहेस."

आई म्हणाली, "उपाशी कोण? मी जेवतेय रोज. भावोजींना मीच तसं सांगायला लावलं."

"म्हणजे? कऱ्हाडला कावळा शिवला नाही ना?"

"न शिवायला काय झालं? पिंड ठेवून भावोजींनी हात मागे घेतला नाही तोच झडप घातली. गरम भात बघून तुझे अण्णा कधी कुणासाठी थांबलेत?"

माझ्या डोळ्यांपुढून खार, हंस, पोलीस, वहीतली खाडाखोड, उघड्या अंगाला लागलेलं धुकं, सगळं सरकून गेलं. "मग मला कशाला हे करायला लावलंस? इथे काय काय झालं तुला ठाऊक आहे का?"

"तुला येता नाही आलं. फोनवर 'औषधं घे' म्हणालास आणि ठेवलास. एकदा रडला नाहीस. मला झोप लागेना रे. म्हटलं, बापाचं काहीतरी याच्या हातून व्हायलाच हवं, नाहीतर हा असाच कोरडा राहील तिकडे."

रागवायचं असं मी ठरवलं होतं. खडसावून विचारायचं होतं. तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. एवढं की बोलता येईना. आई पलीकडे थांबून राहिली.

बऱ्याच वेळाने, काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग तिथे काकांनी काय कबूल केलं होतं?"

"काही नाही रे," आई म्हणाली. "काही बोलायला वेळच दिला नाही तुझ्या अण्णांनी."

आणि मग तीही रडायला लागली.